काकूंचा बिटर्न

काकूंच्या दाराला बेल नव्हती. म्हणजे आधी होती, त्यांनी काढून टाकली होती. भिंतीत नुसतं भोक आणि त्यातून डोकावणाऱ्या दोन वायरी. दिल्लीत पुष्कळ घरांना बटण दाबलं की पाखरासारखी चिवचिवणारी बेल असते, तसलीच ती होती. असा आवाज करणारा पक्षी जगात नाही, असं म्हणून काकूंनी स्वतः स्टुलावर चढून ती उतरवली. आल्यागेल्याने कडी वाजवायची, तीही हळू. कुणी जोरात वाजवली तर त्या दार उघडत, समोरच्याकडे नीट बघत आणि पुन्हा लावून घेत. आमच्या सोसायटीत येणारे कुरिअरवाले चौथ्या मजल्यावर आले की चोरपावलांनी चालत.

मी वाशिमहून केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले तेव्हा ऑफिसातल्या एका मराठी साहेबांनी मला द्वारकेतल्या या काकूंचा पत्ता दिला. एकट्या राहतात, मागची खोली द्यायची आहे, स्वभावाने जरा वेगळ्या आहेत, पण माणूस सोनं आहे, असं ते म्हणाले होते. वेगळ्या म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. काकूंनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, मटण चालतं का तेही विचारलं नाही. पहाटे उठतेस का, सारख्या शिंका येतात का, आणि चालताना चपला वाजतात का, एवढंच विचारलं. मग हॉलमध्ये मला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि डोळे मिटून ऐकत बसल्या. माझ्या आधी यूपीएससीचा अभ्यास करणारा एक मुलगा खोली बघून गेला होता. त्याचं जॅकेट सळसळतं म्हणून त्याला नकार मिळाला होता, हे मला नंतर कळलं.

मी पास झाले. भाडं आसपासच्या मानाने कमी होतं आणि त्याची एकच अट होती. थंडीच्या दिवसांत दर रविवारी पहाटे त्यांच्याबरोबर पाणथळीवर जायचं.

ही अट खरं म्हणजे काकूंची नव्हतीच, त्यांच्या मुलाची होती. तो नोएडाला राहायचा, एका आयटी कंपनीत होता, आईवर जीव होता त्याचा. मी यायच्या आधीच्या हिवाळ्यात काकू पाणथळीच्या बांधावरून घसरल्या, मनगट मोडलं, आणि कुणी येईपर्यंत तशाच बसून राहिल्या. तेव्हा त्याने निक्षून सांगितलं होतं की एकटं जायचं नाही, आणि पुन्हा काही झालं तर द्वारकेचं घर भाड्याने द्यायचं आणि तिने नोएडाला यायचं. काकूंनी ते मान्य केलं. म्हणजे मी भाडेकरू कमी आणि त्यांच्या तळ्याचा परवाना जास्त होते.

आणि परवाना भित्रा निघाला. मी कुत्र्यांना भिते, पाण्याला भिते, लिफ्ट मध्येच थांबली तर काय या विचाराने जिने चढते. आईने येताना सांगितलं होतं, दिल्लीत अंधारात घराबाहेर पडू नकोस. आता दर रविवारी मी अंधारातच बाहेर पडत होते, आणि फोनवर आईला सांगत होते की काकूंबरोबर चर्चला जाते. काकू नगरकडच्या ख्रिस्ती घरातल्या होत्या, त्यामुळे ते आईला पटायचं. प्रत्यक्षात काकू चर्चला संध्याकाळच्या प्रार्थनेला जात. सकाळचा वेळ देवाने पाखरांसाठी ठेवला आहे, असं त्या पाद्रीबाबांनाही ऐकवत.

जाण्याची तयारी शनिवारीच व्हायची. पांढरं काही अंगावर नको, लाल तर नकोच. आईने विणलेला माझा लाल स्वेटर पहिल्याच शनिवारी कपाटात गेला आणि त्याजागी काकूंचा एक मळखाऊ, ढगळ स्वेटर आला. त्या स्वतः गेलेल्या काकांचा जुना कोट घालत. तो मुळात कोणत्या रंगाचा होता हे कुणालाच आठवत नव्हतं. खायला तिळाचे लाडू, फडक्यात बांधलेले, कारण प्लास्टिकची पिशवी वाजते. फोन बंद. बोलायचं ते कानाशी, आणि एकमेकींना हाक तर मुळीच मारायची नाही. हरवलं तर जिथे आहे तिथे उभं राहायचं, त्या येऊन शोधतील. हा नियम ऐकताना मी मान डोलावली, आणि त्यांच्या कोटाचं टोक धरूनच चालायचं असं मनात ठरवून टाकलं.

काकूंचं सगळं आयुष्य सरकारी छापखान्यात प्रूफं तपासण्यात गेलं होतं. ती सवय सुटली नव्हती. सोसायटीच्या नोटिसा त्या लाल पेनाने दुरुस्त करून परत लावत, आणि सेक्रेटरी बिचारा नवी छापून आणी. पाणथळीवरही तोच खाक्या. मी कुजबुजत म्हणायचे, काकू, तो बघा, चक्रवाक. त्या दुर्बीण न काढता विचारायच्या, "दिसला की वाटला?" दिसलं ते दिसलं आणि वाटलं ते वाटलं, यात त्यांच्यापुढे तडजोड नव्हती. पिसांचा रंग, चोचीचं टोक, उडताना पंखावरची पट्टी, सगळं सांगता आलं तरच तो पक्षी दिसला. नाहीतर घरी जाऊन चहा प्यायचा. पुढे पुढे हे घरातही आलं. साहेब आज चिडले होते असं मी म्हटलं की त्या विचारायच्या, चिडले की तुला वाटलं? आणि मग मला खरंच सांगता यायचं नाही.

परत आलो की मात्र त्या खुलायच्या. दिसलेल्या प्रत्येक बदकाचं वर्णन चहाबरोबर व्हायचं. थापट्याची चोच कशी पळीसारखी, तलवार बदकाची मान कशी, सायबेरियाकडून येताना ती हिमालय कुठून ओलांडत असतील. ऐकताना मलाही बरं वाटायचं, कारण तेव्हा मी दाराला आतून कडी घालून बसलेली असायचे.

पक्ष्याच्या बाबतीत इतक्या काटेकोर असलेल्या काकू जागेच्या बाबतीत मात्र धडधडीत खोटं बोलत. पाणथळ होती नजफगढच्या बाजूला, हरियाणाच्या हद्दीला लागून, एका गावामागे. काकू सगळ्यांना सांगायच्या ओखल्याला, म्हणजे दिल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, यमुनेकाठी. शेजाऱ्यांना ओखला, पाद्रीबाबांना ओखला, पक्षी बघणाऱ्या त्यांच्या ओळखीच्या मंडळींना तर हमखास ओखला. हे एकट्या काकूंचं नव्हतं, त्या जगात बहुतेक सगळे असंच करतात. दुर्मीळ पाहुणा कुठे उतरला हे कळलं की दुसऱ्या दिवशी तिथे गाड्या लागतात, आणि तिसऱ्या दिवशी पाहुणा गेलेला असतो. म्हणून पक्षी खरा सांगायचा आणि जागा खोटी. ते एकमेकांना हसत हसत खोटं सांगत आणि हसत हसत ऐकून घेत, आणि खरं कुणी सांगितलंच तर त्यावरही कुणाचा विश्वास बसत नसे.

काकू कशालाच भीत नाहीत अशी माझी खात्री होती. कुत्र्यांची टोळी अंगावर आली तर त्या थांबत, आणि रस्ता ओलांडणाऱ्या मुलांकडे बघावं तशा त्यांच्याकडे बघत. मी त्यांच्या कोटाचं टोक धरून मागे. एकदा बांधाच्या कडेला एक डंपर मलबा ओतत होता. पाणथळ अशीच बुजते, कडेकडेने, आणि मग एक दिवस तिथे प्लॉटची पाटी लागते. काकू तिथेच उभ्या राहून बघू लागल्या. डंपरमधून दोघे उतरले. एकाने मफलर तोंडावर घेतला होता. तो अगदी जवळ आला.

"मैडम, क्या देख रही हो?"

"आप ही को देख रही थी," काकू म्हणाल्या. "गाड़ी का नंबर साफ़ नहीं दिख रहा. ज़रा पोंछ दीजिए."

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, म्हणजे माणसांपैकी. तो माणूस काकूंकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघितलं, आणि ते माझ्याकडे बघणं मला पुढे कित्येक दिवस आठवत होतं. शेवटी पागल आहे असं काहीतरी पुटपुटत ते निघून गेले. काकूंनी फडकं सोडून मला लाडू दिला. मी तो हातातच धरून ठेवला. त्या म्हणाल्या, माणसाला वेडं समजलं की त्याच्या वाटेला कुणी जात नाही, याचा मला फार उपयोग झाला आहे. हे त्या गंमतीने म्हणाल्या असंच मी तेव्हा धरलं.

घरातही तो उपयोग होतच होता. मुलगा महिन्यातून एकदोनदा यायचा, बेलच्या भोकाकडे बघून मान हलवायचा, कोटाकडे बघून हसायचा. आई अशीच आहे यार, असं मला म्हणायचा. आईच्या वेडेपणाचं त्याला कौतुकच होतं. भीती होती ती आईच्या म्हातारपणाची. जिना चढताना ती थांबली, एखादा शब्द आठवायला तिला वेळ लागला, की त्याचा चेहरा बदलायचा. काकूंना ते बरोबर कळायचं. मग त्या मुद्दाम काहीतरी तऱ्हेवाईक बोलत, तो हसे, आणि नोएडाचा विषय त्या दिवसापुरता टळे.

त्या जानेवारीत धुकं फार होतं. टॅक्सीवाला गावाच्या अलीकडे आम्हाला सोडून गेला, तोच म्हणाला, आंटी, आज तो कुछ नहीं दिखेगा. काकू म्हणाल्या, आज ऐकायचं. आम्ही बांधावरून चालत गेलो. एका बाजूला गहू, दुसऱ्या बाजूला पाणी, पण दोन्ही असल्याचं आठवणीनेच माहीत. आपलीच पावलं दिसत नव्हती. एका किकराच्या, म्हणजे आपल्या बाभळीच्या, झाडाशी काकू थांबल्या. त्यांनी माझ्या कानाशी सांगितलं की पुढे पाणकणसाच्या उंच गवतात काहीतरी हललं, तू इथेच थांब, मी चार पावलं जाऊन येते. मी कोट धरला. त्यांनी माझी बोटं सोडवली, हळूच, आणि गेल्या. कोट तर आधी गेला, मग मान, मग काही नाही.

मी उभी राहिले. नियम तसा होता. झाडावरून पाणी ठिबकत होतं, आणि दर ठिबक्याला मला कुणीतरी आल्यासारखं वाटत होतं. कुठेतरी कुत्री भुंकू लागली, मग ती जवळ आली, मग एकदम गप्प झाली. भुंकत होती तेव्हा बरं होतं. मी मनात म्हटलं, काकू आता येतील. मग म्हटलं, आता तर यायलाच हव्यात. फोन लावला तर त्यांचा बंद. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं की या सबंध दिल्लीत आम्ही कुठे आहोत हे कुणालाच माहीत नाही. सगळ्यांना आम्ही ओखल्याला आहोत.

मी बांधावरून पुढे निघाले. आधी काकू असं पुटपुटले, मग बोलले, मग माझा माझ्यावरचा ताबा गेला आणि मी किंचाळले. त्याबरोबर पाण्यावरून शेकडो बदकं उठली. दिसलं एकही नाही, नुसता पंखांचा आवाज, डोक्यावरून, कानाजवळून. मी खाली बसले. मग उठून पळाले, परत आले, काकू, काकू, ओ द्या ना काकू. कुणी ओ दिली नाही. काकूंच्या मुलाला मी फोनवर काय सांगणार, याची वाक्यं माझ्या डोक्यात जुळायला लागली होती, आणि त्या वाक्यांची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

धुकं जरा हललं, आणि बांधाच्या अगदी खाली मला एक खुंट दिसला. मी त्याच्या शेजारून नक्कीच दोनदा पळत गेले होते. खुंटाला डोळे होते. काकू कमरेपर्यंत चिखलात होत्या. वरून जलपर्णीचा हिरवागार थर होता, जमीन समजून त्यांनी पाय टाकला असणार. दोन्ही हात वर, पाणकणसाच्या पात्यांना धरलेले. त्या माझ्याकडेच बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. प्रार्थना करताहेत असं मला वाटलं.

माझ्या किंचाळण्याने गव्हाला पाणी द्यायला आलेला एक माणूस धावत आला. त्याने पंपाचा दोर आणला, मी शाल टाकली, आणि आम्ही दोघांनी त्यांना वर ओढलं. त्याने आपल्या खोपटात शेकोटी केली, काकूंना घोंगडी दिली आणि चहा ठेवायला बाहेर गेला. काकूंचे दात वाजत होते. मी आधी रडले आणि मग मला भयंकर राग आला.

"मी तुमच्या शेजारून ओरडत गेले, काकू. ओ का नाही दिलीत?"

त्यांनी घोंगडी कमरेभोवती घट्ट ओढून घेतली.

"समोर बिटर्न होता," त्या म्हणाल्या. "बोलले असते तर उडाला असता."

बिटर्न हा बगळ्याच्या जातीचा, पण बगळ्यासारखा मिरवणारा नव्हे. अंगावर वाळक्या गवताच्या रेघा. चाहूल लागली की चोच आभाळाकडे करून पाणकणसात उभा राहतो आणि दिसेनासा होतो. दिल्लीकडे कधीतरीच येतो. काकू आयुष्यभर त्याची वाट बघत होत्या हे मला माहीत होतं. तरी एका पाखरासाठी कुणी चिखलात बुडत गप्प राहील, आणि दुसऱ्याला असं वेड्यासारखं पळू देईल? मी घरी जाताना त्यांच्याशी बोलले नाही.

गुडघे खरचटले होते, ताप भरला होता, त्यामुळे मुलाला बोलवावंच लागलं. तो आला तेव्हा त्याचा चेहरा बघूनच मला कळलं की आज नोएडाचा निकाल लागणार. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी त्यालाही तेच सांगितलं, समोर बिटर्न होता, म्हणून ओ दिली नाही. तो बघतच राहिला. मग डोक्याला हात लावला आणि हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आई, तू बिल्कुल पागल आहेस यार. बिल्कुल."

काकूही हसल्या. वेडेपणा चालत होता. त्याने फक्त नेमकी जागा विचारली, आता मला खरं माहीत पाहिजे म्हणाला, आणि काकूंनी ती सांगितली. नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. का कोण जाणे, माझ्या मनातली भीती गेली नाही, उलट वाढलीच. चहा झाला, तो नोएडाला गेला, संध्याकाळ झाली, आणि काकूंनी त्या पक्ष्याचं वर्णन केलं नाही. चोच नाही, रेघा नाहीत, मान नाही. साध्या थापट्यावर तासभर बोलणाऱ्या काकू आयुष्यभर वाट बघितलेल्या पक्ष्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हत्या. विचारायची माझी हिंमत झाली नाही. दिसला की वाटला, हा प्रश्न मी त्यांना कसा विचारणार?

मुलाने कौतुकाने ती हकिकत जागेसकट सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. माझी आई, या वयात, कमरेएवढ्या चिखलात, एका पक्ष्यासाठी. खाली टाळ्यांची रांग लागली. तिथून ती कुणीतरी पुढे पाठवली आणि पक्षी बघणाऱ्यांपर्यंत पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. काकूंना फोन येऊ लागले. अभिनंदन, मैडम. त्या फक्त हो हो म्हणत आणि फोन ठेवत. जेवण कमी झालं. खिडकीचा पडदा दिवसासुद्धा ओढलेला असायचा. मी ऑफिसातून आले की आधी त्यांच्या खोलीत डोकावून त्या आहेत ना, ते बघायचे.

रविवारी मुलगा स्वतः गाडी घेऊन आला. मलाही बघायचा आहे तुझा बिटर्न, म्हणाला. काकू नको म्हणाल्या, ताप आहे म्हणाल्या, पण ताप उतरला होता हे त्याला दिसत होतं. मी मागे बसले. त्या दिवशी धुकं नव्हतं, छान ऊन पडलं होतं, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की धुकं असतं तर बरं झालं असतं.

बांधाच्या तोंडाशी गाड्यांची रांग होती. गव्हातून वाट पडली होती. मोठमोठे कॅमेरे घेतलेली माणसं, कुणी पांढऱ्या टोपीत, कुणी लाल जॅकेटमध्ये. एकाने स्पीकरवर बिटर्नचा आवाज लावला होता, तो खर्जातला घुमारा पाण्यावरून पुन्हा पुन्हा येत होता. दुसरा पाणकणसात दगड मारत होता, पक्षी असला तर उठावा म्हणून. बदकं वर गोल गोल फिरत होती, खाली यायला धजत नव्हती. आणि दोन पोरं हातात बांबू घेऊन त्याच जलपर्णीच्या कडेला उभी होती, जिथे काकू बुडत होत्या. त्यातल्या एकाने बूट काढायला घेतले होते.

कुणीतरी काकूंना ओळखलं. यही हैं वो मैडम. लोक गोळा झाले, कुणी टाळ्या वाजवल्या. एकाने अदबीने विचारलं की मैडम, नेमकी जागा दाखवा ना. मला वाटलं, काकू सवयीप्रमाणे भलतीकडेच बोट दाखवतील. मुलगा शेजारी उभा होता, अभिमानाने फुललेला. काकूंनी आधी त्या बूट काढणाऱ्या पोराकडे बघितलं, मग मुलाकडे.

"सुनिए," त्या म्हणाल्या. इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "यहाँ बिटर्न नहीं है. उस दिन भी नहीं था. मैं दलदल में फँस गई थी, और डर के मारे मेरी आवाज़ बंद हो गई थी. बाद में झूठ बोल दिया."

आणि मग एकजण हसला. मैडम जगह छुपा रही हैं, तो म्हणाला, आणि सगळेच हसले, प्रेमाने, एकमेकांना डोळे मारत. बरोबरच होतं. असं खोटं तर त्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी सांगितलेलं होतं. स्पीकरवाल्याने आवाज वाढवला. ते पोरगं एक पाय जलपर्णीवर टेकवून बघू लागलं.

मला वाटलं, आता गप्प राहा काकू, चला परत, तुमचा मुलगाही हसतोय, तुम्ही सुटलात. पण त्या पुढे झाल्या आणि त्यांनी त्या पोराचा दंड धरला.

"बेटा, मैं यहीं खड़ी थी. ये लड़की मेरा नाम लेकर रोती हुई मेरे सामने से निकल गई, दो बार. मैंने मुँह खोला, आवाज़ नहीं आई. मेरा पेशाब निकल गया था डर से. अब बताओ, ऐसी बात कोई चिड़िया छुपाने के लिए बोलेगा?"

कुणी हसलं नाही. स्पीकर बंद झाला. पोराने पाय मागे घेतला आणि खाली मान घालून बूट चढवायला लागला. एकेकजण कॅमेरा पिशवीत घालू लागला. एक बाई जवळ येऊन आंटी, पानी पिएँगी, असं विचारून गेली. काकू ताठ उभ्या होत्या, पण मुलाकडे बघत नव्हत्या. तोही त्यांच्याकडे बघत नव्हता. तो जलपर्णीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी पुसून टाकलं होतं, आणि जिन्यात काकू थांबल्या की व्हायचा तोच त्याचा चेहरा आता झाला होता.

माझा सगळा राग गेला होता. त्या धुक्यात आम्ही दोघी एकाच वेळी, एकमेकींपासून हातभर अंतरावर, सारख्याच घाबरलेल्या होतो, आणि मला निदान ओरडता तरी येत होतं. मी काकूंचा हात धरला. तो गार होता.

द्वारकेच्या वळणाशी सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मुलगा समोर बघतच म्हणाला, "आई, आता पुरे हं. तू माझ्याकडे ये."

मी काकूंकडे बघितलं. आता त्या काहीतरी तऱ्हेवाईक बोलतील, नोएडाच्या कावळ्यांना नावं ठेवतील, मला डोळ्यांनी खुणावतील. मी मनातल्या मनात त्यांना सांगत होते, बोला काकू, काहीही बोला.

"हो," काकू म्हणाल्या. लगेच. समजूतदार बायका म्हणतात तसं.

ती कुत्री, तो मफलरवाला, तो चिखल, सगळ्यांची मला भीती वाटली होती. पण काकूंचा तो ‘हो’ ऐकून वाटली तेवढी कशाचीच वाटली नव्हती.